मी ड्रमापाशी उभी राहणार नाही

लग्न होऊन मी पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथकडच्या या गावात आले. त्याच हंगामात सासूने माझ्या हाती एक तुराटी दिली. तुराटी म्हणजे तुरीची वाळलेली काडी. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निळा प्लास्टिकचा ड्रम होता आणि नाल्याचं पाणी आणून मी तो भरला होता. सासूने डब्याचं झाकण उघडलं, झाकणानेच मापून औषध पाण्यात टाकलं. पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं.

"कालव," ती म्हणाली, "आन तोंड बाजूले ठेव."

शिकवण म्हणून एवढंच. बाकीचं बघून बघून आलं. आमच्याकडे कामाची वाटणीच तशी होती. पंप पुरुषांच्या पाठीवर आणि ड्रम बायकांच्या हातात. नवरा आणि दीर कापसाच्या तासातासाने, ओळीओळीने, फवारत जायचे, पंप रिकामा झाला की धुऱ्यावर यायचे. मी पाणी आणायचं, औषध टाकायचं, कालवायचं आणि पंपात ओतायचं. ओतताना ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. वारा फिरला की पदरावर, गळ्यावर उडायचं. दुपारी हात पाण्यातून काढायचे आणि भाकर खायची. वावरात साबण कोण नेतं?

आणि हे काही ड्रमापाशीच संपत नव्हतं. सरकी टोबायची, म्हणजे एकेक बी मातीत टोचायचं, तेही बायकांनीच. बियाण्याला लावलेल्या औषधाने बोटं गुलाबी व्हायची, घासली तरी जायची नाहीत. आज फवारलेल्या तासात उद्या निंदायला जायच्या त्या बायकाच, वाकून, ओल्या पानांत छातीपर्यंत शिरून. नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुवायची मीच. दिवाळीच्या पुढेमागे वेचणी लागली की पोटाला ओटी बांधायची आणि सगळा कापूस त्या ओटीत. दिवसभर ते गाठोडं पोटाशी धरून फिरायचं.

आम्ही सीमेवरची माणसं, तोंडात तीन-चार भाषा असतात. घरात आम्ही म्हणतो औषध. व्यापाऱ्याशी हिंदी बोललं की दवाई. आदिलाबादच्या दुकानात तेलुगूत त्याला मंदू म्हणतात, म्हणजे तेही औषधच. कोणत्याही भाषेत कोणी त्याला विष म्हणत नाही. एखाद्याने ते प्यायलं, तर तेवढ्या दिवसापुरतं ते विष होतं. दुसऱ्या दिवशी परत औषध. डब्यावर लाल तिकोन असतो. लाल म्हणजे फार जहाल, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि जहाल म्हणजे चांगलं, अळी लवकर मरते, असाच आमचा समज.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. कापूस पात्याफुलांवर होता, म्हणजे फवारणीचा ऐन जोर. कोणी मला वावरात नेऊ नका म्हणालं नाही, आणि मलाही तसं काही सुचलं नाही. गर्भार बाईने जड उचलू नये म्हणून नवऱ्याने पाण्याच्या घागरी तेवढ्या आणल्या. ड्रम ढवळणं हलकं काम, ते माझ्याकडे राहिलं. एका दुपारी तिथेच पोटात कळ आली. घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सासू वाईट बाई नव्हती. तिने मला गरम गरम ज्वारीची आंबील पाजली, पाय चेपले. "पयल्या खेपेले होते असं कोनाकोनाचं. रडू नोको," म्हणाली.

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं, आणि तेही फवारणीच्याच दिवसांत. मग पुढे दिवस जाणंच बंद झालं. पाळी कधी दोन दोन महिने यायची नाही, आणि आली की अंगातलं सगळं बळ घेऊन जायची. उपास झाले, अंगारे झाले. लांबच्या एका बाबाने दिलेला काढा मी तोंड वाकडं करून प्यायले. शेवटी आदिलाबादला नवऱ्याची तपासणी झाली, ती नीट निघाली. त्या कागदाने गावाला जे पाहिजे होतं ते मिळालं. दोष तिच्यात आहे.

शेजारच्या सुनेची ओटी भरायची होती. मी तांदूळ आणि नारळ घेऊन गेले. माझ्या सासूची बहीण, म्हणजे माझी मावससासू, तिथे सगळं पाहत होती. मी पुढे झाले तशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिले मांगं राहू द्या व. लेकुरवाळी पायजे पुढं." मी ताट तिथेच ठेवलं आणि घरी आले. मला वाटलं होतं की मी रडेन. पण रडू आलंच नाही. कान तापले होते आणि दात आवळले गेले होते. मी चुलीपाशी बसून ज्वारीचं पीठ मळलं, इतकं मळलं की सासू म्हणाली, पुरे व.

मोठ्या लेडी डॉक्टरकडे जायचं हे मीच ठरवलं. नवरा म्हणाला, "आता काय राह्यलं तपासाचं?" मी म्हटलं, "तुमचं झालं. माझं कोनी नीट पाह्यलंच नाई." सकाळच्या बसने आम्ही आदिलाबादला गेलो.

डॉक्टरीण तेलुगू होती, माझ्याशी हिंदीत बोलली. आधीची सोनोग्राफी पाहिली, पाळीचं विचारलं, पडलेल्या दोन्ही खेपांचं विचारलं. मग एकदम म्हणाली, "काम काय करता?"

"शेती."

"शेतीत काय? तुम्ही स्वतः काय करता?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बाबाने नाही, गावात येणाऱ्या नर्सबाईने नाही, माहेरच्यांनीही नाही. मी सांगायला लागले. सरकी, निंदण, ड्रम, कपडे, वेचणी. ती मध्येच थांबवून विचारत होती, हातात काही घालता का, दोन्ही वेळा दिवस गेले तेव्हा कोणतं काम चालू होतं, फवारणी झाल्यावर किती दिवसांनी वावरात जाता. नवरा बाजूला बसून माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगतेय.

"हे बघा," डॉक्टरीण म्हणाली, "तुमच्या दोन्ही खेपा यामुळेच गेल्या, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मूल न राहण्याची कारणं पुष्कळ असतात. पण वर्षानुवर्षं ही औषधं अंगाला लागत राहिली, तर बाईच्या पाळीवर, अंडं तयार होण्यावर, गर्भ टिकण्यावर परिणाम होऊ शकतो, अशी आम्हाला शंका आहे. तुम्ही आजपासून त्याला हात लावू नका."

नवरा म्हणाला, "म्हणजे त्यानंच झालं, असं म्हना ना मॅडम."

"तसं नाही म्हणता येत."

गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आलो तसा नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता. बसस्टँडवर चहा घेताना तो म्हणाला, "ऐकलं ना? पक्कं नाई म्हनते डॉक्टरीन."

"हो," मी म्हटलं. "पक्कं नाई म्हनली. पन काई होत नाई, असंही नाई म्हनली."

तो चहाचे पैसे द्यायला उठला. आम्ही जैनथच्या बसमध्ये बसलो. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना कापूसच कापूस होता. त्यात कुठे कुठे पाठीवर पंप घेतलेली माणसं, आणि धुऱ्याधुऱ्यावर ड्रमापाशी वाकलेल्या बायका. मी आधीही त्या रस्त्याने गेले होते. त्या दिवशी मला फक्त बायकाच दिसत होत्या.

घरी आल्यावर मी सासूपाशी बसले. ती सुपात ज्वारी पाखडत होती.

"आत्या, तुमच्या टाईमले किती फवारे होत?"

"फवारे कुठचे व? ज्वारी, तूर, गावरान कापूस. एखाद्या साली अळी लय झाली त पावडर धुरळत. तेबी माणसंच, बाया नाई."

"आन आता?"

तिचं सूप थांबलं. "आता त कोनी मोजतबी नाई," ती म्हणाली. तिला पाच लेकरं झाली होती, पाचही जगली. ती मला नेहमी सुनवायची की आम्हीही वावरातच राबलो. त्या दिवसापासून ते वाक्य तिने परत काढलं नाही.

त्याच आठवड्यात फवारणी निघाली. मी सांगून टाकलं, "मी ड्रमापाशी उभी राहनार नाई. निंदाले येईन, पन फवारलं त दोन-तीन दिवस त्या तासात पाय ठेवनार नाई. तुमचे कपडे तुमी धुवा, हातपंपावर नाई, वावरातच." आणि आणखी एक केलं. त्या दिवसापासून त्याला विष म्हणायला लागले. नवरा दुकानातून आला की सगळ्यांसमोर विचारायचे, "विष आनलं का?" त्याला राग यायचा. सासू म्हणायची, "घरात असं नाव घेऊ नोको." मी म्हणायचे, "घरात ठेवता, मंग नाव घ्याले काय झालं?"

मला वाटलं, आपण नाही म्हटलं की झालं. पण सकाळी मी वावरात गेले तर काय, धुऱ्यावर ड्रम भरलेला, आणि माझी धाकटी जाऊ पदर खोचून उभी. हातात तीच तुराटी. दिराचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, पोरीच्या हातातला हिरवा चुडाही अजून तसाच होता. मी सोडलेलं काम काही संपलं नव्हतं. ते गुपचूप पुढच्या बाईकडे गेलं होतं.

मी तिच्या हातून तुराटी ओढून घेतली.

"बाई, मले सांगतलं त्यायनं," ती घाबरून म्हणाली.

"आता मी सांगून राह्यली. बाजूले हो."

दीर पंप घेऊन आला. "वयनी, तुमी नोका करू. तुमाले कोनी म्हनलं नाई. पन तिले काऊन अडवता?"

"मले अडवाले कोनी नव्हतं म्हनून."

"मंग फवारनी कोन करन? उघाड पडली, अळी पसरून राह्यली."

"तुमीच करा ना. पानी मी आनून देते. झाकन तुमी खोला, तुमीच कालवा."

तो चिडला. मग जे बोलायचं नव्हतं ते बोलला. सोताले झालं नाई म्हनून दुसरीचंही पाहवत नाई, असं. जाऊ रडायला लागली. मी हलले नाही. ते शब्द खूप लागले, नाही कसं म्हणू? पण मी तिथून गेले असते तर ती परत ड्रमावर वाकली असती. म्हणून मी तशीच उभी राहिले. शेवटी नवरा आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि स्वतःच डबा उचलला. दिवसभर दोघांनी कालवलं आणि फवारलं. संध्याकाळी नवऱ्याचे डोळे लाल झाले होते आणि त्याला मळमळत होतं. जेवला नाही.

मला त्यात आनंद झाला नाही. माझ्या हातचं विष त्याच्या हातात गेलं, एवढंच झालं होतं. तोही माणूसच आहे. मी म्हटलं, "आता समजलं ना काय काम होतं ते?" तो म्हणाला, "हो." दुसऱ्या दिवशी जैनथला गेला आणि दोन्ही भावांसाठी रबरी हातमोजे घेऊन आला.

पण घरातली धुसफूस आता बाहेर गेली होती. मावससासूने तिच्या परीने उपाय काढला. एका दुपारी ती दोन-तीन पाव्हण्यांना घेऊन आली. पुरुष ओसरीवर बसले, आम्ही बायका आत. चहा दिला आणि माझ्या कानावर आलं की तिने माझ्या नवऱ्यासाठी दुसरी पोरगी पाहून ठेवली आहे. गरिबाघरची आहे, नाही म्हणणार नाही. मोठीनेही घरातच राहावं, तिला कोण काढतं?

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि ओसरीवर गेले. डोक्यावरचा पदर तसाच होता. आवाज माझा मलाच वेगळा वाटला.

"आना," मी म्हटलं. "आना दुसरी. पन तिलेही त्याच ड्रमापाशी उभी करान ना? आन तिचंही असंच झालं, त तिसरी आनान का? किती बायका आनान? एकदा ड्रमच हटवून पाहा ना."

पाव्हणे एकमेकांकडे पाहायला लागले. मावससासू आतून बाहेर आली. "पाह्य व माय, माणसांत कशी बोलते! डॉक्टरीन म्हनली का पक्कं? आपल्या पोटाचा दोष औषधावर ढकलते."

तेवढ्यात माझ्या मागून सासूचा आवाज आला. ती कधी उठून आली मला कळलंच नाही.

"तुया सुनेचंही दोनदा खाली झालं ना व?" तिने आपल्या बहिणीला विचारलं. "ते काऊन झालं? तिचाबी दोषच का?"

मावससासूची मान खाली गेली. सासू पाव्हण्यांकडे वळून म्हणाली, "चा घ्या. थंडा होऊन राह्यला."

आणि माझा नवरा, जो आतापर्यंत जमिनीकडे पाहत बसला होता, तो तसंच जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले दुसरी नाई पायजे." हळूच म्हणाला. पण म्हणाला. पाव्हणे उठले, चपला घातल्या, पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

त्यानंतर हातपंपावर बायका माझ्यापाशी थांबायला लागल्या. उघड कोणी काही विचारत नव्हतं. "तुमी काय म्हनता व, ड्रमाले हात नाई लावत?" असं सहज विचारल्यासारखं करायच्या. कोणी हसायची. कोणी घागर भरून झाली तरी उभी राहायची.

मग पुढच्या हंगामाच्या तोंडावर औषध विकणारा एक माणूस गावात आला. मारुतीच्या पारावर त्याने पोस्टर लावलं, पुरुषांना टोप्या वाटल्या. बायका मागे भिंतीपाशी उभ्या. त्याने बादलीत पाणी घेतलं, त्यात नवीन औषध टाकून दाखवलं. अळी कशी मरते, बोंड कसं भरतं, अर्धं हिंदीत, अर्धं तेलुगूत. काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाला.

मी मागूनच विचारलं, "ये दवाई औरत के पेट पे क्या करती है?"

पुरुष वळून पाहायला लागले. काही हसले. तो माणूसही हसला. "बराबर इस्तेमाल करो तो कुछ नहीं होता, मॅडम. ये सब अफवा है."

"तो आपने हाथ में मोजे क्यों पहने?"

त्याने खरंच मोजे घातले होते, लांब, कोपरापर्यंतचे. त्याने हाताकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि मग मराठीतच बोलले, कारण मला आता त्याच्याशी बोलायचं नव्हतं. "हे पाहा. दाखवाले एक बादली, तरी यानं मोजे घातले. आमी ड्रमच्या ड्रम उघड्या हातानं कालवले. माझे दोन गेले. कशानं गेले ते मले मालूम नाई. पन मी इचारनार."

काही पुरुषांनी माना फिरवल्या. आमच्या गावात बाई पुरुषांसमोर पाळीचं बोलत नाही, पडलेल्या गर्भाचं तर नाहीच. मला वाटलं आता कोणीतरी मला गप्प बसवेल. पण मागून, भिंतीजवळून, एक आवाज आला. "माझंही गेलं. दोनदा." ती वरच्या आळीतली, तीन लेकरांची आई. मला तिचं माहीतच नव्हतं. मग आणखी एक म्हणाली, "माझ्या पोरीले चार वर्षं झाले, काईच नाई राह्यलं." तिसरीने नुसता हात वर केला, शाळेतल्यासारखा. पुरुषांतलं हसू केव्हाच गेलं होतं. काहींना तर आपल्याच घरातलं तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. त्या माणसाने बादली उचलली आणि पोस्टर गुंडाळलं.

त्या दिवशी आम्हाला काही सिद्ध करता आलं नाही, आणि आजही येत नाही. मी ते लपवत नाही. कोणाचं कशाने गेलं हे त्या बायकांना माहीत नाही, मलाही नाही. पण पारावरून घरी जाताना आम्ही बायकांनी ठरवलं की बाईने विष कालवायचं नाही. आणि फवारणीनंतर निंदण कधी करायचं ते बायका ठरवतील.

ठरवलं ते सगळीकडे टिकलं नाही. एकदा आमच्या वावरात रोजाने निंदायला आलेली बाई मला तोंडावर म्हणाली, "तुमी नाई म्हनू शकता, तुमचं सोताचं वावर आहे. आमी नाई म्हनलं त दुसरी बोलावतात." तिचं खरं होतं. मी घरच्यांशी भांडून एवढं केलं की आमच्या वावरात फवारल्यावर लगेच कोणालाच बोलवायचं नाही, आणि त्यासाठी थांबलेल्या बाईलाच आधी बोलवायचं. आणखी चार-पाच घरांनी तसं केलं. काहींनी तोंडावर हो म्हटलं आणि पाठ फिरताच आधीसारखं चालू ठेवलं. अशा घरांच्या धुऱ्यावर मी स्वतः जाऊन उभी राहिले आहे. शिव्याही खाल्ल्या आहेत. एका म्हाताऱ्याने तर मला त्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं. त्याच्या सुनेने दुसऱ्या दिवशी आपणहून तुराटी त्याच्या हातात दिली, आणि मग त्याने तिच्याशी अबोला धरला.

आमचं वावर काही विषमुक्त झालेलं नाही. नवरा अजूनही फवारतो. पण आता आधी मी तासांतून फिरते, पानं उलटून पाहते, खरंच अळी आहे का ते बघते. किडे चिकटावेत म्हणून पिवळे चिकट कागद लावले आहेत. निंबोळ्या कुटून त्याचं पाणी मारतो. फवारे कमी झाले आहेत, आणि दरवेळी त्यावरून आमचं भांडण होतंच. दोन एकरांत मी हट्टाने ज्वारी ठेवली आहे. पाखरं खातात, नवरा कुरकुरतो, आम्ही भाकर खातो.

धाकटीला मुलगी झाली. आता शाळेत जाते, तेलुगू मला शिकवते. लोक म्हणतात, पाहा, ड्रम सोडला म्हणून झाली. मी म्हणते, तसं मी सांगू शकत नाही, पोरगी झाली याचाच मला आनंद आहे.

मला मूल झालं नाही. ड्रम सोडल्यावर, गोळ्या घेतल्यावर, डॉक्टरिणीकडे बरीच वर्षं जाऊनही नाही. कोणी कोणी विचारतात, मग एवढं भांडून तुले काय भेटलं? मला या प्रश्नाचा राग येतो, आणि तो राग मी गिळत नाही. बाईने आपलं अंग वाचवायचं तर त्याबदल्यात पोर दाखवलंच पाहिजे, असं कोणी ठरवलं? मी माझ्या हातांसाठी भांडले, माझ्या डोळ्यांसाठी, माझ्या पाळीसाठी. हे माझंच आहे. त्यातून कोणाला काही मिळो न मिळो.

मागच्या हंगामात नार्नूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. माझ्या माहेरच्या नात्यातली एक पोर तिकडे दिली आहे, तिने तिथल्या बायका जमवल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात बसलो. मी आमच्या गावात बोलते तसंच बोलत होते, ड्रम, निंदण, कपडे वेगळे धुणं, गर्भार असताना तर वावराकडे फिरकूच नका. पुरुष आवारात उभे राहून ऐकत होते. त्यातला एक वयस्क माणूस पुढे आला.

"तुमाले किती लेकरं आहेत व बाई?"

व्हरांड्यातल्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. माझ्या नात्यातल्या पोरीने खाली पाहिलं, तिला माझी लाज वाटली असावी, किंवा माझी काळजी.

"एकबी नाई," मी म्हटलं.

"मंग तुमी काय सांगता लेकराचं?"

"लेकराचं नाई सांगून राह्यली, दादा. बाईचं सांगून राह्यली. बसा, ऐका. नसन ऐकाचं त तिकडं सावलीत उभे राहा, मले उशीर होऊन राह्यला."

तो गेला नाही. बसलाही नाही. दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मी पुढचं सांगायला घेतलं.